इतिहासाचें पुस्तक आणि विद्यार्थ्याची वही

(गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत विद्यार्थी व पालक यांच्यापुढें झालेलें व्याख्यान. वाचकांच्या उपयोगासाठीं सबंध मजकूर देत आहोंत.)



व्याख्यानाचा विषय इतिहास आहे असें कळल्यावर पुष्कळांना वाटलें असेल कीं, आतां लढाया आणि पराक्रम ऐकावयास मिळणार. तसें होणार नाहीं. मी लढाईविषयीं न बोलतां वहीविषयीं बोलणार आहें. इतिहासाचें पुस्तक वाचतांना विद्यार्थ्यानें वहींत काय टिपावें, कसें टिपावें आणि काय मुळींच टिपूं नये, एवढाच आजचा प्रश्न. प्रश्न लहान दिसतो. पण धानाच्या बांधींत राबणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, उन्हाळ्यांत तेंदूपत्ता तोडणाऱ्या आमच्या घरांतलीं मुलें रात्र रात्र जागून वह्या भरतात आणि परीक्षेच्या दिवशीं त्यांच्या हातीं कांहीं लागत नाहीं, हें मी पुष्कळ वर्षें पाहत आलों आहें. पोरांची मेहनत कोठें वाया जाते, हें आज आपण शोधूं.

वह्या उघडून पाहाव्या तर काय दिसतें? पुस्तकांतलें वाक्य जसेंच्या तसें उतरलेलें, स्वल्पविरामासुद्धां. म्हणजे वही ही त्याच पुस्तकाची हातानें काढलेली वाईट आवृत्ति. दुसऱ्या कांहीं मुलांचीं पुस्तकेंच रंगलेलीं असतात. ओळ न् ओळ पिवळी, हिरवी, गुलाबी. जेथें सगळेंच महत्त्वाचें, तेथें महत्त्वाचें असें कांहींच राहत नाहीं. कोणी बाजारांतून तयार नोट्स आणि गाईड विकत आणतो. आणि हल्लीं एक नवीनच वर्ग निघाला आहे. तो पानाचा मोबाईलवर फोटो काढतो आणि अभ्यास झाला असें समजतो. धान मळलें नाहीं, उफणलें नाहीं, मिलांत नेलें नाहीं आणि पोतेंच चुलीवर चढविलें, तर भात होईल काय?

यांत मुलांना दोष देण्याचें कारण नाहीं. छापलेला शब्द खरा, त्याला हात लावूं नये, तो पाठ करावा, ही शिकवण आपल्या हाडींमासीं खिळलेली आहे. पूर्वीं पोथीपुढें मान खालीं घालीत. आतां पाठ्यपुस्तकापुढें घालतात. पण बालभारतीचें पुस्तक कांहीं आकाशांतून पडलेलें नाहीं. ही संस्था १९६७ सालीं पुण्यास निघाली. तज्ज्ञांच्या समित्या बसतात, पुस्तक लिहितात, आणि कांहीं वर्षें गेलीं कीं तेंच पुस्तक बदलतात. माणसांनीं लिहिलेलें पुस्तक माणसानें तपासून घ्यावयाचें असतें. गंमत अशी कीं, खुद्द पाठ्यपुस्तकच हें सांगत आहे. २०१८ सालीं निघालेल्या दहावीच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या पुस्तकाचे पहिले दोन धडे राजेरजवाड्यांचे नसून इतिहासलेखनाचे आहेत. इतिहास कोण लिहितो, कोणत्या साधनांवरून लिहितो, कोणाचा इतिहास लिहावयाचा राहून जातो, याची चर्चा तेथें आहे. आणि आमचीं मुलें नेमके हेच धडे, एक अक्षर न समजतां, पाठ करतात!

तर मग टिपण करावें कसें? आधीं पेन खालीं ठेवा. सबंध धडा घेऊं नका. धड्यांतला एक भाग, दीड-दोन पानांचा, शांतपणें वाचा. वाचून झाला कीं पुस्तक मिटा. मिटा म्हणजे मिटा; मध्यें बोट घालून ठेवूं नका. आतां काय वाचलें तें वहींत आपल्या शब्दांत चार-पांच ओळींत लिहा. पहिल्या दिवशीं दोनच ओळी सुचतील. हरकत नाहीं. मग पुस्तक उघडा आणि जें राहिलें, जें चुकलें, तें दुसऱ्या रंगाच्या शाईनें भरा. परीक्षेच्या आदल्या रात्रीं ही दुसऱ्या शाईची भरती तेवढी वाचावी. पहिल्या शाईचें तुमच्या डोक्यांत आधींच बसलेलें आहे.

कोणी म्हणेल, हा वेळ दवडण्याचा प्रकार आहे. तेवढ्या वेळांत धडा तीनदां वाचून होईल. या शंकेचें उत्तर प्रयोगानें मिळालें आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. कांहीं जणांनीं तो पुन्हां वाचला. कांहीं जणांनीं न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हां आठवून लिहिणारे पुढें गेले. आमच्या मुलांची फसगत नेमकी येथें होते. पुन्हां पुन्हां वाचलेलें त्या रात्रीं सगळें येतें असें वाटतें, आणि बोर्डाची परीक्षा कांहीं त्याच रात्रीं नसते.

वहीचें पान कसें आंखावें, हेंहि सांगतों. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत वॉल्टर पॉक नांवाचे प्राध्यापक होते. त्यांनीं सुचविलेली रीत जगभर चालते. पानाच्या डाव्या बाजूला चार बोटें समास सोडावयाचा. उजवीकडे मजकूर, डावीकडे त्या मजकुराला विचारलेले प्रश्न, आणि तळाशीं थोडी जागा मोकळी. पॉक यांनीं ती तळाची जागा सारांशासाठीं ठेवली होती. मी तुम्हांला म्हणेन, गोंदिया जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यानें त्या जागेवर ‘आपल्याकडे’ असा शब्द लिहावा. तो कशासाठीं, तें पुढें कळेल. प्रश्नपत्रिकेंत ‘थोडक्यात टिपा लिहा’ असा प्रश्न येतो म्हणून टिपण म्हणजे पांच ओळींचें तयार उत्तर, असा एक समज आहे. तो सोडून द्या. त्या टिपा परीक्षकासाठीं. हें टिपण आपल्यासाठीं.

आतां हें प्रत्यक्ष करून पाहूं. इंग्रजी अमलाच्या धड्यांत साधारण अशा अर्थाचें वाक्य असतें कीं, डलहौसीनें वारस नामंजूर करून सातारा, झांशी, नागपूर हीं संस्थानें खालसा केलीं. विद्यार्थी हें वाक्य वहींत उतरतो, खालीं दोन रेघा मारतो आणि पान उलटतो. त्याला विचारा, दत्तक कोणीं घेतला होता? केव्हां घेतला होता? त्याला ठाऊक नसतें, कारण त्यानें वाक्याला प्रश्नच विचारला नाहीं. डाव्या समासांत हे दोन प्रश्न लिहिले कीं एका वाक्याचीं तीन वेगळीं वाक्यें होतात. साताऱ्याच्या महाराजांनीं मरणाच्या वेळीं दत्तक घेतला होता; कंपनीनें तो मानला नाहीं आणि १८४८ सालीं राज्य घेतलें. झांशीच्या गंगाधररावांनीं नोव्हेंबर १८५३ मध्यें मृत्यूच्या आदल्या दिवशीं दत्तक घेतला. तोहि मानला नाहीं आणि १८५४ सालीं झांशी गेली. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले. त्यांनीं हयातींत दत्तक घेतलाच नव्हता. तेथें दत्तकाची खटपट राजाच्या मागें राणीवशानें केली. १८५४ सालीं तेंहि राज्य गेलें.

येथें थांबूं नका. त्याच सुमारास शेजारच्या वऱ्हाडाचें काय झालें? १८५३ सालीं तो निजामाकडून फौजेच्या खर्चापोटीं इंग्रजांच्या ताब्यांत आला. तेथें वारसाचा प्रश्नच नव्हता. अयोध्येला १८५६ सालीं गैरकारभाराचें निमित्त सांपडलें. निमित्तें निरनिराळीं, मुलूख मात्र सगळा एकाच तिजोरीकडे गेला. हें ज्या मुलीनें आपल्या समासांत स्वतः शोधून लिहिलें, तिला ‘कारणें द्या’ या प्रश्नाची भीति कशाची? तिला गाईड लागणार नाहीं. तीच वर्गाला गाईड होईल.

आतां तळाच्या ‘आपल्याकडे’ या जागेकडे वळूं. येथेंच माझें मुख्य म्हणणें आहे, आणि येथें मी जरा जास्त वेळ घेणार आहें.

आपल्या पुस्तकांत महाराष्ट्राचा इतिहास आहे. पण त्यांतला पुष्कळसा पुणें, सातारा आणि मुंबईच्या बाजूचा आहे. त्याबद्दल आदळआपट करून उपयोग नाहीं. सगळ्या जिल्ह्यांचें सगळें एका पुस्तकांत मावत नाहीं. जें मावलें नाहीं तें वहींत मावतें. १८१८ म्हटलें कीं पुस्तकांत पेशवाईचा शेवट येतो. त्याच पानाच्या तळाशीं लिहा: १८१८ सालीं आपल्याच जिल्ह्यांतल्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांच्या विरुद्ध उठला आणि त्याचा उठाव मोडला गेला. आतां १८१८ हें साल विसरून दाखवा!

आपला मुलूख कोणाच्या अमलाखालीं होता, याची एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर असलीच पाहिजे. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचें राज्य. मग कंपनीचा आणि पुढें राणीचा अंमल. १८६१ सालीं मध्यप्रांत निघाला. १९०३ सालीं वऱ्हाड त्याला जोडला आणि मध्यप्रांत व वऱ्हाड असें नांव पडलें. १९५० सालीं त्याचें मध्यप्रदेश झालें, राजधानी नागपूर. १९५६ सालीं आपण द्विभाषिक मुंबई राज्यांत आलों, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. तोंपर्यंत आणि त्यानंतरहि जिल्हा भंडारा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. एवढी ओळ पाठ असलेला विद्यार्थी पुस्तकांतल्या एका मोठ्या खड्ड्यांत पडत नाहीं. तो खड्डा कोणता?

पुस्तकांत येतें कीं, मुंबई इलाख्यांत रयतवारी होती, म्हणजे सरकार आणि शेतकरी यांचा सरळ संबंध. आमचा मुलगा लिहितो, ‘आमच्या गावीं रयतवारी होती’. बाळा, तुझें गांव मुंबई इलाख्यांत होतेंच कधीं? येथें १८६० नंतरच्या बंदोबस्तांत मालगुजारांना गांवाची मालकी मिळाली. शेतकरी मालगुजाराकडे सारा भरी आणि मालगुजार सरकारांत भरी. ही पद्धत १९५० च्या कायद्यानें गेली. ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क सरकारांत जमा झाले. याचा पुरावा पाहावयास नागपूरला जाण्याची गरज नाहीं. गांवाबाहेरचा मामा तलाव पाहा. एका मुलानें मला सांगितलें, कोणाच्या तरी मामानें तो बांधला असेल! अरे, माजी मालगुजारी या दोन शब्दांचीं पहिलीं अक्षरें घेऊन हा ‘मामा’ झाला आहे. रोज ज्या तलावावर म्हशी धुवावयाच्या, त्याच्या नांवांत शंभर वर्षांचा जमीनमहसुलाचा इतिहास दडलेला, आणि पोरगें मात्र रयतवारीची व्याख्या घोकतें.

नवेगांवबांधाचा तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें लोक सांगतात. हेंहि टिपावें. पण कसें टिपावें? पुस्तकांतून घेतलें त्यापुढें ‘पु’, कागदांतून घेतलें त्यापुढें ‘का’, लोकांच्या तोंडून ऐकलें त्यापुढें ‘ऐ’ हें अक्षर घालावें. ऐकीव म्हणून टाकूं नये, आणि ऐकीव आहे हें लपवूंहि नये. अभिमानाच्या भरांत ‘ऐ’ खोडून ‘का’ करणारे विद्वान थोडे नाहींत. त्यांच्या वाटेनें जाऊं नका.

आतां वडील मंडळींनीं कान द्यावा. पोरांची ही वही तुमच्याहि कामाची आहे. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. जंगलाच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्यांचा हक्क त्यानें मान्य केला. गोंड, हलबा अशा अनुसूचित जमातींच्या दावेदारांना १३ डिसेंबर २००५ पूर्वींची वहिवाट दाखवावी लागते. पण इतर पारंपरिक वननिवासी, म्हणजे आपल्यांतले बाकीचे, यांना त्या तारखेच्या आधीं तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, आपण तेथें राहत होतों हेंहि दाखवावें लागतें. २००५ मधून पंचाहत्तर वजा करा. १९३० येतें. आतां सांगा, १९३० सालीं आपलें गांव कोणत्या जिल्ह्यांत, कोणत्या प्रांतांत होतें? ज्याच्या वहींत पहिल्या पानावरची ती ओळ आहे तो ताडकन् सांगेल: भंडारा जिल्हा, मध्यप्रांत व वऱ्हाड. म्हणजे जुना कागद त्या नांवानें शोधावयाचा. गोंदिया जिल्ह्याच्या नांवानें १९३० चा कागद जन्मभर मिळणार नाहीं.

कोणता कागद चालतो? कायद्याच्या २००८ च्या नियमांत यादी आहे: गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे इत्यादि. आणि तिच्यांतच आणखी एक गोष्ट आहे जी ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल: दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचें लेखी केलेलें निवेदन. म्हणजे आजाच्या तोंडची गोष्ट, नीट लिहिली तर, पुराव्यांत धरतात. एकटी ती पुरते असें मी म्हणत नाहीं. पुराव्याला जोड लागते. आपल्या बाजूच्या गांवांना वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक असे कागद असतात. तलावाचें पाणी, चराई, जळाऊ लाकूड यांवर गांवाची काय वहिवाट होती तें त्यांत नोंदलेलें असतें. तेहि मागा. किती घरांत पदवीधर पोरगा आहे आणि निस्तारपत्रक हा शब्द त्यानें ऐकलेला नाहीं!

म्हातारीं माणसें साल सांगत नाहींत, अशी तक्रार येते. बरोबर आहे, तीं सांगणार नाहींत. तुम्ही त्यांना खुंटी द्या. ‘आजोबा, तुम्ही शेत काढलें तें मालगुजारी गेली त्याच्या आधीं कीं मागून?’ झालें, १९५१ ची खुंटी. ‘भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब आंबेडकर उभे होते तेव्हां तुम्ही केवढे होतां?’ ही १९५४ ची खुंटी. बाबासाहेब त्या निवडणुकींत पडले. पुस्तकांत तुम्हांला ती गोष्ट बहुधा सांपडणार नाहीं, पण ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा. ‘महाराष्ट्र झाला तेव्हां?’ ही १९६० ची. पुस्तकांतल्या सनावळ्या कंटाळवाण्या वाटतात त्या यासाठींच कीं, त्यांवर आपण आपलें कांहींच टांगीत नाहीं. आणि ऐकलेलें त्याच शब्दांत लिहा. आजी पोवारींत बोलली तर पोवारींत, गोंडींत बोलली तर गोंडींत, झाडी बोलींत बोलली तर त्या बोलींत. अक्षर देवनागरी चालेल. शुद्ध मराठी करण्याच्या नादांत अर्थ सांडतो. पुस्तकाचें टिपणसुद्धां पहिल्या वेळीं घरच्या बोलींत केलें तर काय बिघडलें? समज आधीं, शुद्धलेखन मागून. शिक्षक रागावतील ही भीति सांगतां, तर टिपणाची वही आणि दाखवावयाची वही वेगळी ठेवा.

मुलाच्या लिहिण्याला काय किंमत, असें कोणास वाटत असेल तर त्यानें मुक्ता साळवे हें नांव ध्यानांत ठेवावें. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेंतली ही मांग समाजाची मुलगी. १८५५ सालीं तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. त्या काळीं तिच्या समाजाची हकीकत लिहिणारे पुष्कळ साहेब आणि पुष्कळ पंडित होते. आज इतिहासाचा अभ्यासक त्यांच्या लिखाणाशेजारीं त्या शाळकरी मुलीचा निबंध ठेवून वाचतो, कारण तिनें पाहिलेलें तिनें लिहिलें.

मुलींवरून आठवलें, तें येथेंच सांगून टाकतों. पुस्तक मिटून लिहावयास अर्धा तास सलग लागतो. मुलाला तो मिळतो. मुलगी दोन ओळी लिहिते तों पाणी, चूल, धाकटा भाऊ अशी हांक येते. रोवणीच्या दिवसांत तर तिची वहीच बंद पडते. मग निकाल लागला कीं म्हणतां, पोरीला इतिहास जमत नाहीं. बापहो, अर्धा तास! तेवढा वेळ धाकट्याला तुम्ही घ्या.

आतां कामाचें बोलून संपवितों. फार मोठी वही घेऊं नका. दोनशे पानी वही पाहूनच उत्साह मावळतो. शंभर पानी घ्या, एका धड्याला चार पानें. पहिल्या पानावर राज्यांची ती ओळ. रविवारीं डावा समास तेवढा उघडा ठेवून उजवी बाजू हातानें झांकावी आणि उत्तरें तोंडानें द्यावीं. दोघे असलां तर एकमेकांना विचारा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकानें दोन गोष्टी आणावयाच्या. डलहौसीच्या धड्यांतल्या कोणत्याहि एका वाक्याला विचारलेले तीन प्रश्न, आणि आपल्या गांवच्या तलावाविषयीं एका म्हाताऱ्या माणसाचें एक पानी निवेदन. खालीं सांगणाराचें नांव, वय, तारीख आणि ‘ऐ’ हें अक्षर घालावयास विसरूं नये. सांगणाराला तें वाचून दाखवा आणि मगच त्याची सही किंवा अंगठा घ्या.

कोणाला कांहीं विचारावयाचें असेल तर आतां विचारावें. मागच्या रांगेंतल्या मुलींनीं आधीं विचारावें.